फोनवरचा समुपदेशक की शेजारचा सहकारी?

युद्धग्रस्त भागातला स्थानिक मदत कार्यकर्ता दिवसभर धान्य वाटून घरी जातो, तेव्हा त्याचं घरही गोळीबाराच्या टप्प्यातच असतं. अशांना काही संस्था फोनवर समुपदेशक देतात. गोष्ट बाहेर फुटत नाही, हे फार मोलाचं. पण नेटवर्क जातं, आणि समुपदेशक परभाषिक असेल तर गळा दाटून आलेला असताना तेच वाक्य दुभाष्यासाठी पुन्हा सांगावं लागतं.

सहकाऱ्यांच्या आधारगटात भाषाही आपली, भीतीही ओळखीची. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक आधाराची पाच सत्रांची ‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट प्लस’ पद्धत प्रशिक्षित बिगर-तज्ज्ञही वापरू शकतात. मात्र ऐकणाराही थकलेलाच असतो. साहेब येऊन बसले की सगळे गप्प. तरी माझा कौल गटालाच, तोही कामाच्या वेळेत. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर मात्र थेट तज्ज्ञच हवा.