ट्यूब की ट्यूबलेस? आडवाटेला लागण्याआधी

नेहमीचे रस्ते सोडून खेड्यापाड्यांतून, रानावनातून सायकल न्यायची ठरलं की सामान किती, तंबू कुठला, गिअर कसे यावर भरपूर खल होतो. टायरच्या आत काय असावं हा प्रश्न मात्र अगदी शेवटी निघतो, आणि बरेचदा सायकलवर जे आधीपासून आहे तेच राहतं. माझंही तसंच झालं होतं. मग दोन हंगाम मी ट्यूबलेसवर फिरलो, म्हणजे टायरच्या आत ट्यूब नाही, फक्त हवा आणि भोक आपोआप बुजवणारं सीलंट, बहुधा पांढरं पातळ लेटेक्स. त्याआधी ट्यूबवर होतो, आणि आता पुन्हा ट्यूबवर आहे. पण ट्यूबलेसबद्दल वाईट बोलावंसं मला वाटत नाही. तिने मला जे दिलं ते खरंच मोठं होतं.

तिच्या बाजूने बोलायचं तर सुरुवात सराट्यापासून करायला हवी. गोखरू म्हणा हवं तर. जमिनीलगत पसरणारी वेल, इवली पिवळी फुलं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि तुकडा कसाही पडला तरी त्याचा एखादा काटा वर तोंड करूनच राहतो. शेताच्या बांधाला, गुरांच्या वाटेवर, वस्तीबाहेरच्या मोकळ्या जागेत तो असतो, म्हणजे नेमका आपल्याला जिथून जायचं तिथे. ट्यूबवर असताना एकदा सावलीसाठी म्हणून सायकल रस्त्याखाली जेमतेम दहा पावलं ढकलत नेली आणि दोन्ही चाकं बसली. पुढच्या ट्यूबला चार भोकं, मागच्या ट्यूबला सहा. अर्धी दुपार त्यात गेली. पुढे ट्यूबलेसवर तसाच प्रसंग आला तेव्हा टायरवर पांढरे थेंब दिसले, चाक दोनतीन फेरे फिरलं आणि थेंब थांबले. मी खाली उतरलोसुद्धा नाही.

दुसरा फायदा हवेचा. ट्यूब असली की खडीच्या रस्त्यावर हवा फार कमी करता येत नाही, कारण दगडावर चाक आपटलं की ट्यूब रिमच्या कडेत चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये चिमटायला आत काही नसतंच. चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटरचा टायर थोडा मऊ ठेवून दिवसभर कच्च्या रस्त्याने चाललं की संध्याकाळी मनगटांना फरक कळतो. मोजमाप माझ्याकडे नाही, पण मनगटं माझी आहेत आणि ट्यूबलेसवर ती कमी दुखली, एवढं खात्रीने सांगतो.

इतकं असून मी परत का फिरलो, ते सांगतो.

लांबच्या प्रवासाचा तिसरा आठवडा होता. उतारावर एका धारदार दगडाने मागच्या टायरची बाजू कापली. चीर बोटाच्या पेराएवढी. एवढी मोठी चीर सीलंटने भरत नाही हे ठाऊक होतं. रबराची वात ठोसून पाहिली, तीही टिकली नाही, कारण टायरची बाजू पातळ असते आणि वातीला धरायला तिथे काही नसतं. काळजी वाटली नाही. अशा वेळेसाठी सगळेच ट्यूबलेसवाले जवळ एक ट्यूब ठेवतात, तशी माझ्याकडेही होती. टायर उघडला. आतलं सीलंट जवळजवळ सुकलेलं, त्याचे रबरी गोळे झालेले. आतून चिरेवर जुन्या टायरचा तुकडा लावला, ट्यूब घातली, हवा भरली, निघालो. दोन किलोमीटरवर चाक बसलं.

काटा. काढला, ठिगळ लावलं. पुन्हा एक किलोमीटर. पुन्हा काटा.

तेव्हा टायर पूर्ण उलटा करून पाहिला. गेल्या दोन-अडीच महिन्यांत जेवढे काटे घुसले होते ते सगळे तिथेच होते. सीलंटने प्रत्येकाभोवती हवा अडवली होती, म्हणून ते मला कधी कळलेच नव्हते. मी पंक्चर टाळत आलो असं समजत होतो, प्रत्यक्षात ती टायरमध्ये साठत होती. टोकं बाहेरून मोडून गेलेली, आतून जेमतेम मिलिमीटरभर डोकावणारी, वर चिकट लेटेक्सचा थर. तिसापर्यंत मोजले आणि मग मोजणं सोडलं. अंधार पडत होता, बोटं चिकट झाली होती, त्या बोटांनी काटे सापडतही नव्हते आणि निघतही नव्हते. शेवटी वस्तीपर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो.

सकाळी तिथे ट्रॅक्टरच्या चाकांची पंक्चरं काढणारे एक काका भेटले. पांढऱ्या चिकट्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, त्याचं काय करायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ट्यूब मात्र त्यांनी घमेल्यातल्या पाण्यात बुडवली, बुडबुडे शोधले, घासली, सोल्युशन लावलं, आणि अर्ध्या तासात मी रस्त्याला लागलो.

ट्यूबलेसच्या बाकीच्या कटकटी या एका गोष्टीपुढे मला लहान वाटतात, तरी सांगून ठेवतो. सीलंट दोन ते सहा महिन्यांत सुकतं, उष्ण कोरड्या हवेत आणखी लवकर, आणि सुकलं हे बाहेरून कळत नाही. टायर रिममधून सुटला तर परत बसवायला हवेचा एकदम मोठा झोत लागतो. व्हॉल्वची आतली सुई काढून आणि टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावून छोट्या हातपंपाने ते कधी जमतं. मला एकदा जमलं, दोनदा नाही. कार्बन डायऑक्साइडच्या कुपीने जमतं, पण तो वायू काही लेटेक्स सीलंटचं गुठळीत रूपांतर करतो, आणि कुपी संपली की संपली.

हवेच्या टायरचा इतिहासही मला याच दिशेला नेतो. 1888 साली डनलॉपने हवेचा टायर आणला तेव्हा तो रिमला चिकटवलेला असे, त्यामुळे वाटेत दुरुस्ती म्हणजे मोठाच खटाटोप. 1891 मध्ये मिशलँने काढता-घालता येणारा टायर केला, आणि त्याच वर्षी फ्रेंच सायकलपटू शार्ल तेरों त्या टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सुमारे 1,200 किलोमीटरची शर्यत जिंकला. वाटेत टायर उघडून आतली ट्यूब दुरुस्त करता येणं, ही तेव्हा लांब पल्ल्यासाठी फार मोठी सोय होती. आडवाटेवर ती मला आजही तितकीच मोठी वाटते.

ट्यूबचा तोटा उघड आहे, पंक्चरं जास्त होतात. त्यावर मी जाड पट्टी असलेला टायर वापरतो. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस या टायरमध्ये 5 मिलिमीटर जाडीचा लवचीक रबरी थर असतो, तशा प्रकारचा. वजन वाढतं, चढावर ते जाणवतं, आणि टायर रिमवर चढवताना अंगठे दुखतात. हा सौदा मला पटला. हलक्या टायरची सवय असलेल्यांना कदाचित पटणार नाही, आणि त्यांचंही चुकतंय असं मी म्हणणार नाही.

ट्यूबकडे वळणार असाल तर व्हॉल्वचा विचार आधी करा. मोटारसायकलला असतो तो जाड व्हॉल्व घेतला तर कुठल्याही पंपावर हवा भरता येते. त्यासाठी रिमला साडेआठ मिलिमीटरचं भोक लागतं, बारीक व्हॉल्वच्या रिमला साडेसहाचं असतं. बारीक व्हॉल्वची ट्यूब मोठ्या भोकात बसवता येते, उलट जमत नाही. तुमची रिम बारीक भोकाची असेल तर छोटा पितळी अडॅप्टर व्हॉल्वलाच लावून ठेवा, म्हणजे तो हरवत नाही. सोल्युशनच्या दोन लहान नळ्या घ्या, कारण उघडलेली नळी पिशवीत गुपचूप सुकून जाते. आणि प्लास्टिकच्या नव्या अतिहलक्या ट्यूब लांबच्या वाटेला मुख्य म्हणून नेऊ नका. त्यांना नेहमीचं ठिगळ धरत नाही, वेगळं लागतं, आणि ते खेड्यात मिळण्याची आशा धरू नये.

जिथे सगळा मुलूखच सराट्याचा आहे आणि प्रवास आठवड्याभराचा आहे, तिथे ताजं सीलंट भरून ट्यूबलेसच न्या, असं मी आजही सांगेन. महिना-दोन महिन्यांसाठी, मदत दूर असलेल्या भागात निघालात तर माझा कल ट्यूबकडे आहे.

ट्यूबलेसच न्यायची ठरलीच, तर दर दोनतीन आठवड्यांनी मुक्कामाच्या दिवशी टायर बाहेरून तपासून काटे चिमट्याने काढत जा आणि लगेच चाक फिरवा, भोक बुजतं. वाटेत ट्यूब घालायची वेळ आली, तर आधी टायरच्या आतून सुती फडकं गोल फिरवा. जिथे काटा असेल तिथे फडक्याचा धागा अडकतो. त्या संध्याकाळी फडकं माझ्या पिशवीत होतं, ही युक्ती मात्र मला दुसऱ्या दिवशी त्या काकांकडून कळली.