एसटीसी-१००० तापमान नियंत्रक: गोव्याच्या हवेत कोजी आणि लाल तांदळासाठी कसा आहे?

बुरशी जोमाने वाढली म्हणजे हवा तो पदार्थ भरपूर मिळाला, असं नसतं. अस्परजिलस फ्लेव्हस ३७ अंशांना झकास वाढते, पण अफ्लाटॉक्सिन हे विष ती २८ ते ३० अंशांना कितीतरी जास्त तयार करते. उपयोगी पदार्थांचंही हेच गणित. इथे लाल तांदूळ म्हणजे मोनॅस्कस बुरशी चढवून लाल केलेला तांदूळ. ही बुरशी ३० अंशांच्या आसपास छान पसरते; कोलेस्टेरॉलवर काम करणारं मोनॅकोलिन-के मात्र पुढे तापमान २३ ते २५ वर उतरवलं की जास्त मिळतं. म्हणून वाढीचं आणि उत्पादनाचं अशी दोन्ही तापमानं नियंत्रकाला सांभाळता यायला हवीत.

एसटीसी-१००० ला हे जमतं, कारण त्यात दोन रिले (विजेवर चालणारे स्विच) आहेत: एक हीटरचा, एक फ्रिजचा. नुसता हीटर चालवणारे थर्मोस्टॅट गोव्यात फारसे कामाचे नाहीत. मडगाव-म्हापशाकडे वर्षातले बरेच महिने दुपारी खोलीतच ३० अंश असतात आणि त्यात बुरशी स्वतःची उष्णता टाकते. इथे खरं काम थंड करण्याचं.

जुना एकदारी फ्रिज आणि ४० ते ६० वॅटचा सिरॅमिक हीटर पुरतो. टर्मिनल १-२ वीज, ३-४ सेन्सर, ५-६ हीटर, ७-८ फ्रिज. रिले नुसते स्विच आहेत, त्यांतून आपोआप वीज येत नाही. फेजची वायर ५ आणि ७ ला वेगळी न्यावी लागते. ही राहिली तर आकडे दिसतात, दिवा लागतो, पण हीटर गारच. २३० व्होल्टचं काम आहे, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

यंत्राच्या सेटिंगमध्ये एफ१ म्हणजे हवं ते तापमान, एफ२ म्हणजे फरक: तापमान त्यापासून किती ढळलं की यंत्र कामाला लागेल. फरक ०.५ वर ठेवला तर हीटर आणि फ्रिज एकमेकांशी भांडत बसतात, १.० ठेवा. एफ३ म्हणजे कॉम्प्रेसरची विश्रांती. ती मुळात ३ मिनिटं असते, ५ करा. पावसाळ्यात वीज जाते-येते तेव्हा कॉम्प्रेसर लगेच सुरू झाला तर तो जळण्याची भीती. वीज परतल्यावरही ही विश्रांती पाळली जाते, ही या यंत्राची मोठी जमेची बाजू. अचूकता ±१ अंशच आहे, म्हणून ३० अंशांच्या पाण्यात काचेच्या थर्मामीटरशी ताडून एफ४ मध्ये चूक भरून काढा.

सगळं यशापयश सेन्सर कुठे ठेवता यावर ठरतं. तो हवेत लटकवला तर आकडा ३० दाखवतो आणि तांदळाच्या थराच्या पोटात ४० कधीच ओलांडलेले असतात. कोजी म्हणजे अस्परजिलस ओरायझी बुरशी चढवलेला तांदूळ. त्यासाठी सुरय (न उकडलेला) तांदूळ रात्रभर भिजवून, नीट निथळून, तासभर वाफवून, ३५ अंशांपर्यंत निवल्यावर बीजाणू लावतात. सुरुवातीला ऊब द्यावी लागते. साधारण २० तासांनी तांदूळ पांढुरका होऊन एकमेकांना चिकटतो, भाजलेल्या चेस्टनटसारखा गोड वास येतो, आणि तापमान झपाट्याने चढतं. तेव्हा गठ्ठे हाताने फोडून थर ३ ते ४ सेंटिमीटरवर आणा. सेन्सर ७० टक्के अल्कोहोलने पुसून थराच्या मध्यभागी खोचा. उकळू नका, कुकरमध्ये घालू नका. आत छोटा पंखा हवाच, नाहीतर थराचं पोट निवेपर्यंत वरचे दाणे गारठून वाळतात.

मिसो-शोयूसाठी (जपानी सोयाबीन पेस्ट आणि सोया सॉस) प्रथिनं फोडणारं प्रोटिएज हवं, तर ३० ते ३५ च्या आत राहा. गोडव्यासाठी स्टार्चची साखर करणारं अमायलेज हवं, तर शेवटच्या टप्प्यात ४० पर्यंत चढू द्या. तांदूळ ओला आणि थर तापलेला असेल तर बॅसिलस जिवाणू शिरतात: दाणे बुळबुळीत होतात, अमोनियाचा वास येतो. तो घाणा टाकूनच द्यावा.

उणिवा सांगायलाच हव्यात. टप्पे ठरवून देता येत नाहीत. मोनॅस्कस ३० वरून २५ वर आणायचं तर एफ१ हातानेच बदलावं लागतं. तापमानाची नोंद राहत नाही. आर्द्रतेवर ताबा नाही, आणि पावसाळ्यात २५ अंशांवर फ्रिजच्या छताला साचलेलं पाणी ट्रेमध्ये ठिबकतं. ट्रेवर कोरडं सुती कापड ताणून बांधा. खाऱ्या दमट हवेत टर्मिनल गंजतात, म्हणून नियंत्रक फ्रिजबाहेर बंद डबीत बसवा. रिले चिकटला तर हीटर बंदच होत नाही, म्हणून हीटरच्या वायरीत ५० अंशांचा वेगळा थर्मल कटऑफ टाका.

कोजी आणि टेंपेसाठी (बुरशीने आंबवलेलं सोयाबीन) हा नियंत्रक डोळे मिटून घ्यावा. लाल तांदळासाठीही चालेल, पण मोनॅस्कसच्या काही जाती मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिन तयार करतात आणि ते कुठलाही नियंत्रक ओळखत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय असा तांदूळ खाऊ नका, विकू नका. हलत्या फ्लास्कमधल्या द्रव आंबवणीसाठी मात्र शेकर इनक्युबेटरच घ्या: तिथे तापमानाइतकाच प्राणवायू महत्त्वाचा, आणि पाण्यात तो २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम विरघळतो, ३५ ला जेमतेम ७.