प्राग की व्हिएन्ना? जेवणाच्या बिलावरून ठरवायचं असेल तर

प्राग आणि व्हिएन्ना यांच्यात रेल्वेने साधारण चार तासांचं अंतर आहे. त्यामुळे मध्य युरोपच्या सहलीत दोन्ही शहरं येतातच, आणि वाद होतो तो रात्रींच्या वाटणीवरून. तीन इकडे, दोन तिकडे, की उलट? या वादात कोणीतरी हमखास म्हणतं, "प्रागलाच जास्त राहू या, तिथं खाणं स्वस्त आहे." म्हणणं खरं आहे, पण ते सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. मांसाहार करणारा आणि संध्याकाळी बिअर घेणारा माणूस प्रागमध्ये खरोखर पैसे वाचवतो. शाकाहारी आणि बिअर न घेणाऱ्या कुटुंबाला मात्र हा फरक इतका कमी पडतो की त्यासाठी कार्यक्रम बदलण्यात काही अर्थ नाही.

हिशोबाला सोपं जावं म्हणून युरो शंभर रुपयांचा आणि चेक कोरुना चार रुपयांचा धरू. खालचे आकडे साध्या, स्वच्छ ठिकाणचे आहेत. मोठ्या चौकातल्या छत्रीखाली बसलात तर दोन्ही शहरांत ते सहज दीडपट होतात.

प्रागची स्वस्ताई मुख्यतः दुपारची आहे. साडेअकरा ते दोनच्या दरम्यान बहुतेक खानावळी आणि पब 'पोलेद्नी मेन्यू' लावतात, म्हणजे त्या दिवशी आधीच शिजवून ठेवलेले चार-सहा पदार्थ. ऑफिसातली माणसं तेच खातात. साधारण 170 ते 230 कोरुनांत भरपेट ताट मिळतं, कधी सूपही त्यातच. पाटी बहुतेक वेळा चेक भाषेतच असते, तेव्हा मोबाइलवरचं भाषांतर तयार ठेवा. नुसतं इंग्रजी मेन्यूकार्ड मागितलं तर हाती येतं ते रात्रीचं, महागडं कार्ड. दोन वाजून गेले की ही सोय संपते. सकाळी हॉटेलात तुडुंब नाश्ता करून तीन वाजता जेवायला बाहेर पडणाऱ्यांना प्राग स्वस्त का वाटलं नाही, त्याचं उत्तर बरेचदा इथेच असतं.

जुन्या शहरातच बसायचं असेल तर हावेल्स्का रस्त्यावर 'हावेल्स्का कोरुना' नावाचं कॅन्टीन आहे. दारातच हातात एक कागद देतात. ट्रे घेऊन रांगेतून सरकायचं, पळीने गुलाश (मांसाचा दाट रस्सा) वाढणाऱ्या बाई त्या कागदावर खूण करतात, पुढे सूपवाल्या, मग गोडवाल्या. जेवून निघताना दारात तो कागद दाखवायचा आणि पैसे भरायचे. कागद हरवला तर दंड आहे, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नका. सजावट शून्य, आवाज भरपूर, आणि पर्यटकांच्या गल्लीच्या मधोमध असूनही दर माणसात.

व्हिएन्नातही दुपारचा मेन्यू असतो, त्याला 'मिटाग्समेन्यू' म्हणतात. सूप आणि मुख्य पदार्थ मिळून साधारण 11 ते 15 युरो. म्हणजे प्रागच्या सातशे-नऊशे रुपयांसमोर इथे अकराशे ते दीड हजार. फरक आहे, पण 'व्हिएन्ना परवडत नाही' म्हणण्याइतका नाही. खरा झटका बसतो तो रात्री. प्रागमध्ये पबमधलं मांसाहारी ताट 220 ते 300 कोरुनांत येतं. व्हिएन्नात साध्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या खानावळीत, पोर्क किंवा चिकन श्निट्झेलला (ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेला मांसाचा पातळ काप) 14 ते 18 युरो पडतात आणि अस्सल 'वीनर श्निट्झेल'ला वीसच्या वर.

इथे एक गोष्ट दरापेक्षा महत्त्वाची आहे. वीनर श्निट्झेल म्हणजे वासराचं मांस; पोर्कचं असेल तर तसं कार्डावर लिहावं लागतं. प्रागमधलं प्रसिद्ध 'स्विच्कोवा' आणि बहुतेक गुलाश गाईच्या मांसाचे असतात. बीफ न खाणाऱ्यांनी 'इथली खासियत द्या' असं म्हणून मोकळं होऊ नये. चिकन श्निट्झेल दोन्हीकडे मिळतं आणि त्यात फसगत होत नाही.

बिअरच्या बाबतीत प्रागशी बरोबरी करायला जाऊच नये. 2024 पासून नळाच्या बिअरवरचा कर 10 वरून 21 टक्के झाला, त्यामुळे तिथलेही लोक कुरकुरतात. तरी मध्यवस्तीबाहेरच्या पबमध्ये अर्धा लिटर 60 ते 70 कोरुनांत मिळते. व्हिएन्नात तेवढ्याच ग्लासाला पाच-सहा युरो. दोन माणसं, दोन-दोन ग्लास, चार रात्री एवढा गुणाकार केला की बिअरच्या एका ओळीतच फरक चार हजारांच्या वर जातो.

आता शाकाहार. प्रागच्या मेन्यूवर 'बेझमासा' असा बिनमांसाचा विभाग असतो. त्यात काय असतं? जाड चीजची वडी ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळलेली, सोबत बटाटे आणि टार्टर सॉस. याला 'स्माझेनी सीर' म्हणतात, साधारण 180 ते 250 कोरुना. पहिल्या रात्री मजा येते, दुसऱ्या रात्री पोट जड होतं, तिसऱ्या रात्री कोणी नाव काढत नाही. दुसरा पदार्थ फळं भरलेल्या गोड डंपलिंगचा, वरून लोणी आणि किसलेलं चक्क्यासारखं चीज. चेक लोक ते जेवण म्हणून खातात. आपल्याकडची मंडळी गोड खाऊन झाल्यावर जेवण कधी येणार म्हणून वाट बघत बसतात. कोबीच्या भाजीत डुकराची चरबी असू शकते आणि बटाट्याचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. विचारूनच घ्या.

प्रागची लाज राखली आहे ती 'ढाबा बियास' या शाकाहारी साखळीने. डाळ, भात, दोन-तीन भाज्या, सलाड आपल्या हाताने वाढून घ्यायचं आणि ताट काट्यावर ठेवायचं, दर वजनावर. दीडशे-दोनशे कोरुनांत पोट भरतं. डाळीला घरची चव नसते, फोडणी तर जेमतेमच. पण पाच दिवस पाव-चीज खाल्लेल्या सासूबाईंना ती डाळ पंचपक्वान्नासारखी लागते, हे लिहून ठेवा. एक शाखा जुन्या शहराच्या चौकाजवळच्या तिन्स्का गल्लीत आहे.

व्हिएन्नात स्थानिक शाकाहारी पदार्थ जरा जास्त आणि चवीला जास्त ओळखीचे आहेत. 'केझेश्पेट्झले', म्हणजे अंड्याच्या पिठाचे बारीक गोळे, वर चीज आणि तळलेला कांदा, 13 ते 16 युरोंना. नाशमार्क्ट बाजारात आणि मेट्रो स्टेशनांभोवती फलाफल सहा-सात युरोंना मिळतं, पिझ्झाचा मोठा तुकडा चार-पाच युरोंना. अंडं न खाणाऱ्यांना फलाफल हाच भरवशाचा आधार. बटाट्याच्या सलाडवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. व्हिएन्नाच्या पद्धतीत त्यात बरेचदा बीफचं सूप ओततात. भारतीय रेस्टॉरंटं दोन्हीकडे आहेत. व्हिएन्नात रात्री एका भाजीलाच 13 युरोंच्या पुढे मोजावे लागतात, प्रागमधले त्यांचे दुपारचे मेन्यू त्या मानाने पुष्कळ बरे.

पाण्याचा हिशोब कोणी धरत नाही आणि चौघांच्या कुटुंबाला तोच महागात पडतो. प्रागच्या रेस्टॉरंटमध्ये 300 मिलिलिटरची पाण्याची बाटली 45 ते 60 कोरुनांना असते, म्हणजे घोटाघोटाने बघितलं तर बिअरपेक्षा महाग. नळाचं पाणी मागितलं तर त्या भांड्याचेही बरेच ठिकाणी पैसे लावतात. व्हिएन्नात नळाला आल्प्समधलं झऱ्याचं पाणी येतं. पहिली जलवाहिनी 1873 ची, दुसरी 1910 ची. शहरभर पिण्याच्या पाण्याची कारंजी आहेत, तिथे बाटली भरून घ्यायची. कॉफीहाउसमध्ये तर चांदीसारख्या चकचकीत तबकात कॉफीशेजारी पाण्याचा ग्लास न मागता येतो, त्यावर चमचा पालथा ठेवलेला. त्या 'मेलांज' कॉफीला पाच-सहा युरो लागतात, प्रागमधल्या कॅपुचिनोला 75 ते 95 कोरुना. पण व्हिएन्नात त्या एका कपावर दोन तास पेपर चाळत बसलात तरी कोणी बिल आणून टेकवत नाही. दिवसभर चालून आई-बाबांचे पाय दुखत असतील तर हे पाच युरो बसण्याच्या जागेचं भाडं समजा.

पर्यटकांना कापणं हा प्रकार प्रागमध्ये जास्त. जुन्या शहराच्या चौकात भाजलेल्या हॅमच्या टपऱ्यांवर लिहिलेला दर 100 ग्रॅमचा असतो, आणि वाढणारा माणूस तीनशे-चारशे ग्रॅम कापून मोकळा होतो. आधी वजन सांगा. 'त्रदेल्निक' नावाची गोल भाजलेली गोड नळी प्राचीन म्हणून विकतात, पण प्रागच्या रस्त्यांवर तिचा सुळसुळाट याच शतकातला. शंभर-दीडशे कोरुना घालवायचेच असतील तर हौस म्हणून घाला, वारसा म्हणून नको. युरोत पैसे देऊ नका, दुकानदाराचा दर त्याच्या सोयीचा असतो. कार्डाच्या मशीनने रुपये की कोरुना विचारलं तर कोरुना निवडा. टिप दोन्हीकडे पाच ते दहा टक्के, आवडलं तर.

व्हिएन्नाची अडचण निराळी आहे. रविवारी सुपरमार्केट बंद, शनिवारी संध्याकाळी सहालाच शटर खाली. दही, ब्रेड, फळं आणून खोलीवर भागवायचा बेत असेल तर तो रविवारी कोसळतो. मोठ्या रेल्वे स्टेशनांमधली मोजकी दुकानं उघडी असतात आणि तिथे अख्खं शहर रांगेत असतं. प्रागमध्ये ठरावीक सणाचे दिवस सोडले तर रविवारी सगळं सुरू. 2025 पासून ऑस्ट्रियात प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत लागते, बाटली मशीनमध्ये परत केली की मिळते. कचऱ्यात टाकू नका.

आता एका माणसाचा एक दिवस मांडू, नाश्ता हॉटेलचा धरून.

मांसाहारी आणि दोन बिअर : प्रागमध्ये दुपारचं ताट 200, रात्रीचं 260, बिअर 130, कॉफी 80, टिप 50. एकूण 720 कोरुना, म्हणजे 2,900 रुपयांच्या आत. व्हिएन्नात 13 अधिक 16 अधिक 11 अधिक 5.50, टिप 4. एकूण 49.50 युरो, जवळपास 5,000 रुपये.

शाकाहारी, बिअर नाही : प्रागमध्ये ढाब्यावर 180, रात्री तळलेलं चीज 220, पाण्याच्या दोन बाटल्या 100, कॉफी 80, टिप 30. एकूण 610 कोरुना, म्हणजे 2,440 रुपये. व्हिएन्नात फलाफल 7, रात्री केझेश्पेट्झले 15, पाणी फुकट, कॉफी 5.50, टिप 2. एकूण 29.50 युरो, म्हणजे 2,950 रुपये.

पहिल्या जोडीत माणशी रोजचा फरक दोन हजारांचा, दुसरीत पाचशेचा. प्रागमध्ये स्वतःची बाटली बाळगलीत तर दुसरा फरक थोडा वाढेल, व्हिएन्नात कॉफीहाउसचा मोह आवरलात तर पुन्हा कमी होईल.

म्हणून मित्रांचं टोळकं निघालं असेल तर बिनधास्त तीन रात्री प्रागला द्या, आणि व्हिएन्नात एखाद्या रात्री वुर्स्टलश्टांडवर, म्हणजे सॉसेजच्या टपरीवर, उभ्याने चीज भरलेलं पोर्क सॉसेज, केझेक्रायनर, खा. साडेपाच-सहा युरोंत काम होतं, आणि ऑस्ट्रियाने या टपऱ्यांची संस्कृती 2024 मध्ये देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आहे. शाकाहारी कुटुंबाने जेवणाचा खर्च बाजूला ठेवावा आणि बघायचं काय आहे त्यावर रात्री वाटाव्यात. सोबत लहान मुलं आणि ज्येष्ठ असतील तर माझं मत व्हिएन्नाच्या बाजूने, पाण्याच्या आणि निवांत बसण्याच्या सोयीसाठी. फक्त तिकीट काढताना रविवार प्रागच्या वाट्याला येईल असं बघा.