पवनीहून पीएच.डी.: नागपूर की दिल्ली?

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत धानाच्या बांध्यांपासून फार दूर नाही, तिथे जगन्नाथ टेकडीवर जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे उत्खनन केलं. म्हणून बौद्ध इतिहासावर काम करायचं असेल तर मी बेधडक नागपूर म्हणेन. पाली व बौद्ध अध्ययनाचा स्वतंत्र विभाग तिथे आहे. शिवाय १९५६ ची धम्मदीक्षा डोळ्यांनी पाहिलेली म्हातारी माणसं आपल्याच गावांत भेटतात. त्यांच्या आठवणी नोंदवायला आता फार वेळ नाही. रोवणीला घरीही येता येतं.

विषय चीन, जपान किंवा कोरिया असेल तर मात्र दिल्लीच गाठा. जेएनयूत या भाषा पदवीपासून शिकवतात. मूळ भाषा न वाचता लिहिलेला प्रबंध मला उसना वाटतो.

जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी मिळणारी शिष्यवृत्ती, दोन्हीकडे सारखीच, सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. पीएच.डी.ची मुदतही दोन्हीकडे तीच: किमान ३, कमाल ६ वर्षं. दिल्लीत वसतिगृह मिळालं नाही तर भाड्यातच बरेच पैसे जातात.

माझी भाची नागपूरला जातेय. तिला आजीच्या पिढीची दीक्षा लिहायची आहे.