बंद कंटूरची दिशा: उंचीप्रमाणे ठेवावी की फॉरमॅटप्रमाणे?

ग्रिडवरून (उंचीच्या आकड्यांच्या जाळीवरून) काढलेले कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, बिंदूंच्या फायलीत उतरवले की प्रत्येक बंद रेषेला फिरण्याची एक दिशा येते. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ती सुलट, विरुद्ध ती उलट, असं इथे म्हणू. जीएमटी या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रिडकंटूर (grdcontour) आज्ञेला रेषा फायलीत उतरवणारा ‘-डी’ (-D) नुसताच दिला तर ही दिशा कशीही पडते. फक्त रेषा ओढायच्या असतील तर त्याने काही बिघडत नाही. रंग भरायचा असेल किंवा शिखर-खळगा ओळखायचा असेल, तर मात्र ठरवावं लागतं.

उंचीप्रमाणे. ‘-डी’सोबत ‘-एफएल’ (-Fl) दिलं की रेषेवरून पुढे जाताना उंच बाजू डाव्या हाताला राहते, ‘-एफआर’ने (-Fr) उजव्या. ‘एल’ घेतल्यास टेकडीचं वलय उलट फिरतं, खळग्याचं सुलट. मग ग्रिड पुन्हा उघडावी लागत नाही, बिंदूंच्या क्रमाने काढलेल्या क्षेत्रफळाचं अधिक-उणे चिन्हच सांगतं. (०,०), (४,०), (४,३), (०,३) या क्रमाचं क्षेत्रफळ +१२ येतं, म्हणजे वलय उलट, आत उंचवटा. पण अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली, किंवा चित्रातल्यासारखा वाय अक्ष खाली वाढत गेला, तर तेच −१२ होतं आणि टेकडीचा खड्डा होतो. आधी अक्ष तपासा, मग चिन्हावर विश्वास ठेवा.

फॉरमॅटप्रमाणे. इथे उंचीला विचारतंय कोण! जिओजेसन या नकाशाच्या फाइल-फॉरमॅटच्या २०१६ च्या मानकात (आरएफसी ७९४६) पॉलिगॉनचं (बंद आकृतीचं) बाहेरचं वलय उलट आणि आतलं भोक सुलट. शेपफाइल या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेमकं विरुद्ध. बरेचसे प्रोग्राम चुकीची दिशाही मुकाट्याने चालवून घेतात. वेबपानांवर नकाशे काढणारी डी३ लायब्ररी मात्र गोलावर काम करते आणि बाहेरचं वलय सुलट धरते, त्यामुळे एखाद्या तळ्याची, मानकाप्रमाणे अचूक असलेली जिओजेसन फाइल दिली तर तळं सोडून उरलेली सगळी पृथ्वी रंगते. पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये जिओजेसनसाठी एसटी_फोर्सपॉलिगॉनसीसीडब्ल्यू वापरा. एसटी_फोर्सआरएचआर बाहेरचं वलय सुलट करतं.

दोन्ही मार्ग खळग्यापाशी भिडतात. त्याचं सुलट वलय एकटंच पॉलिगॉन म्हणून जिओजेसनमध्ये घालताना उलटं करावं लागतं, आणि तो खळगा होता ही खूण तिथेच पुसली जाते. म्हणून आमचा कौल क्रमाला: आधी ‘-एफएल’ने रेषा काढा, चिन्हावरून शिखर की खळगा हे वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यानंतरच फॉरमॅटची दिशा लावा.

ग्रिडच्या कडेला तुटलेल्या रेषा यात धरू नका. ‘-डी’ला दिलेल्या फायलीच्या नावाच्या साच्यात ‘%सी’ (%c) घातलं की बंद आणि उघड्या रेषा वेगवेगळ्या फायलींत जातात. उघड्या रेषेची टोकं सरळ रेघेने जोडली तर भलताच पॉलिगॉन तयार होतो. रंगच भरायचा असेल तर जीडाल_कंटूर (gdal_contour) या दुसऱ्या प्रोग्रामला ‘-पी’ (-p) देऊन थेट उंचीच्या पट्ट्यांचे पॉलिगॉन घ्यावेत.