नेब्रास्का की आयोवा: एक सभागृह की दोन?

अमेरिकेतील मिसूरी नदीच्या अल्याड-पल्याडची ही दोन शेतीप्रधान राज्ये; कारभाराची घडण मात्र निराळी. आयोवात (राज्याचा दर्जा 1846) प्रतिनिधीगृहात 100, सिनेटमध्ये 50 सदस्य. विधेयक दोन्हीकडे एकाच मसुद्यात मंजूर व्हावे लागते. मसुदे जुळले नाहीत, तर संयुक्त समिती बसते आणि विधेयक तिथेच अडकू शकते.

नेब्रास्काने (1867) नेमके हेच टाळले. सिनेटर जॉर्ज नॉरिस यांनी प्रचार केला, 1934 मध्ये मतदारांनी कौल दिला आणि 1937 पासून एकच सभागृह आले. सदस्य 133 वरून 43 वर, आज 49. मतपत्रिकेवर पक्षाचे नाव नसते, पण कोण कुठल्या पक्षाचा हे सगळ्यांना ठाऊक असते! दुसरे सभागृह नाही म्हणून प्रत्येक विधेयकावर जाहीर सुनावणी होते. मेख एकच: लांबवलेली चर्चा थांबवायला 33 मते लागतात, म्हणजे 17 जण अडून बसले की विधेयक रखडलेच. गव्हर्नरचा नकाराधिकार मोडायला मात्र 30 पुरतात. आयोवात दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश हवेत.

दोघांच्या सीमेची गोष्टही अशीच निराळी. 1877 च्या पुरात नदीने पात्र बदलले आणि कार्टर लेक गाव नेब्रास्कातल्या ओमाहा शहराच्या बाजूला आले. सर्वोच्च न्यायालयाने 1892 मध्ये ते आयोवाचेच ठरवले. ओमाहाच्या विमानतळावरून शहरात जाताना आजही आयोवाचा तुकडा लागतो.