जुन्या पीसीला कोणती रॅम चालेल: सॉफ्टवेअरने बघावं की कॅबिनेट उघडून?

मालवणात झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या मावसभावाचा फोन आला, "दादा, जुन्या पीसीची रॅम वाढवायची आहे. सॉफ्टवेअरवर बघू की उघडूनच बघू?"

कष्ट कमी हवे असतील तर सीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, दोन मिनिटांत मदरबोर्डचं मॉडेल आणि रॅमचा प्रकार, म्हणजे डीडीआर२ की डीडीआर३, ते सांगतं. अट एकच, पीसी सुरू व्हायला हवा.

कॅबिनेट उघडायला अर्धा तास धरा, तोही प्लग काढून. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने स्क्रू गंजतात, घाई केली की त्यांची डोकी झिजतात. पण रिकामे स्लॉट डोळ्यांनी दिसतात. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना, मात्र खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेज १.८ व १.५. बसत नसेल तर जोर लावू नका. रॅम काढलीच आहे तर सोनेरी कडा खोडरबराने पुसून घ्या.

खरी गोम चिपसेटची, म्हणजे कोणती आणि किती रॅम चालेल हे ठरवणाऱ्या बोर्डावरच्या मुख्य चिपची. भावाचा बोर्ड जी४१ चिपसेटचा, डीडीआर३ वाला निघाला. त्याला जास्तीत जास्त ८ जीबी चालते, आणि ४ जीबीची स्टिक (रॅमची पट्टी) १६ चिपांचीच लागते. ८ चिपांची चालत नाही. चिपा मोजायच्या तर स्टिक हातात घ्यावीच लागते.

पीसी चालू आहे आणि फक्त प्रकार कळायला हवा, तर सीपीयू-झेड पुरे. बंद पडलेला किंवा सेकंडहँड घेतलेला असेल, तर उघडा, बोर्डावर छापलेलं मॉडेल लिहून घ्या आणि कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ताडून मगच रॅम घ्या.